एकोणीस दिवसांची माया

हत्तुरे सरांच्या घरात त्या श्रावणात चार माणसं वावरत होती. सर सोडून उरलेल्या तिघांनाही सरांच्या मेंदूपर्यंत जायची वाट होती. कुणी कुठल्या पायरीपर्यंत जायचं, एवढं मात्र ठरवून दिलेलं होतं.

महारुद्र हत्तुरे यांनी सोलापुरात पस्तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. शहरातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या हाताखालून वळली होती. त्या माणसाचे हात वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी थरथरायला लागले. आधी डावा अंगठा, मग दोन्ही हात, मग मान. शेवटी शेवटी आमटीची वाटी तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मी सदऱ्यावर सांडायची आणि सर ताटावरून उठून जायचे. त्यांची मुलगी सुनेत्रा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिने लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात ती आणि आप्पा, म्हणजे सर, दोघंच. तिने खटपट करून आप्पांच्या मेंदूत तारा बसवून घेतल्या.

मेंदूच्या पार तळाशी मसुराच्या दाण्याएवढी एक गाठ असते. तिथपर्यंत केसासारख्या दोन तारा नेतात, त्यांची टोकं कानामागून कातडीखालून खाली आणतात आणि खांद्याच्या हाडाखाली बसवलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्राला जोडतात. यंत्रातून सेकंदाला सव्वाशेच्या वर विजेचे बारीक ठोके जातात आणि हाताचा कंप थांबतो. हे तंत्र तसं जुनंच. नवं होतं ते एवढंच, की आता यंत्राचा विद्युतप्रवाह कमीजास्त करायला दवाखान्यात जावं लागत नव्हतं. आप्पांच्या पलंगाशेजारी एक टॅब्लेट असायचा आणि त्यात 'सोबती' नावाचं सॉफ्टवेअर. ते यंत्राशी बोलायचं, दिवसभराच्या नोंदी ठेवायचं आणि डॉक्टरांचा हुकूम आला की तो यंत्राला पोचवायचं.

मालनबाई दिवसभर आप्पांचं बघायच्या. त्यांना 'सोबती'त फक्त आकडे बघता येत आणि सकाळी 'सर्व ठीक' हे बटण दाबता येई. सुनेत्राला प्रवाह अगदी थोडा वरखाली करता येई. त्याच्या वरचा सगळा अधिकार डॉ. शबनम तांबोळींचा. आप्पांचा आकडा त्यांनी दोन पूर्णांक चार मिलिअँपिअरवर ठेवला होता आणि त्या आकड्यावर आप्पा सदऱ्याची बटणं स्वतः लावत होते.

त्या आषाढात सुनेत्राचं गर्भाशय काढायचं ठरलं. सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही. मालनबाई संध्याकाळी घरी जायच्या. मग आप्पांना धरून संडासला कोण नेणार? सुनेत्राने दोन दिवस विचार केला आणि कोइमतूरला कारखान्यात असलेल्या धाकट्या भावाला फोन लावला.

"चन्नू, महिनाभर येशील?"

 तो म्हणाला, "आप्पांना विचारलंस?"

"नाही. विचारलं तर नाही म्हणतील."

चन्नवीरचं आणि आप्पांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासावर होती आणि आप्पा एका नातलगाच्या अंत्यविधीला हुबळीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, आता यात काही उरलेलं नाही, त्रास मात्र वाढतो आहे. आप्पा निघाले होते, वाटेत होते. चन्नवीरने कागदावर सही केली. आप्पा दवाखान्याचा जिना चढून वर आले तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. सगळ्यांदेखत त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुला कुणी अधिकार दिला?" त्यानंतर त्याच्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. तो फोन करायचा, सुनेत्रा उचलायची. तो सणाला यायचा नाही.

तो आला. सुनेत्राने त्यालाही 'सोबती'त घेतलं, मालनबाईंच्याच पायरीवर. पहिले तीन दिवस आप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो हात धरून न्यायचा तेव्हा भिंतीकडे बघत चालायचे. त्याने ताट ठेवलं की मालनबाई येईपर्यंत ते तसंच पडून राहायचं. सुनेत्रा ऑपरेशननंतर पलंगावर पडल्या पडल्या हे ऐकायची आणि टाक्यांपेक्षा हेच जास्त दुखायचं.

पाचव्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला.

"चन्नू, तुझे केस फार विरळ झाले रे."

सुनेत्राला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. भिंतीला धरत ती दारापर्यंत आली. चन्नवीर आप्पांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत होता आणि आप्पांचा हात त्याच्या डोक्यावर होता. हात अगदी स्थिर होता. चन्नवीरच्या हातातलं नेलकटर मात्र हलत होतं.

"मी उशिरा आलो," आप्पा म्हणाले. "तुझी चूक नव्हती. तुझी आई मला सांगून गेली असती, तर तिनेही तुझ्याच बाजूने सांगितलं असतं. नऊ वर्षं मी तुला उपाशी ठेवलं."

चन्नवीरने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस, दहा वर्षांच्या पोरासारखा हमसून हमसून रडला. मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे दिवस त्या घराने कधी बघितले नव्हते. आप्पा मोठ्याने बोलायला लागले. सकाळी उठून चन्नवीरबरोबर भाजी आणायला जाऊ लागले आणि रस्त्यात भेटेल त्या जुन्या विद्यार्थ्याला थांबवून "हा माझा मुलगा" म्हणून सांगू लागले. शेंगाचटणीत तिखट कमी पडलं म्हणून मालनबाईंशी लटकं भांडले. इन्स्टिट्यूटची माळ्यावरची दोन टायपिंगची यंत्रं खाली काढून, तेल घालून, ती खटखट वाजवत बसले. दिवाळीला चन्नवीरने बायकोमुलीला घेऊन यायचं, हे तर तीनतीनदा ठरलं. "शब्द दे," चन्नवीर म्हणाला. "दिला," आप्पा म्हणाले.

सुनेत्राला कधी कधी जरा चमत्कारिक वाटायचं. आप्पा झोपायचे फार कमी. बोलता बोलता एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारायचे. पण सुख दारात आल्यावर, तू कुठून आलंस म्हणून त्याला कोण विचारतो? तिने टॅब उघडून बघितला होता. आकडा होता दोन पूर्णांक चार.

त्या दुपारपासून एकोणिसाव्या दिवशी सकाळी आप्पांच्या डोक्यात आलं की इन्स्टिट्यूटची जुनी पाटी पुन्हा रंगवायची. चन्नवीर आंघोळीला गेला होता. आप्पांनी अंगणात स्टूल ठेवलं, स्टुलावर पाट ठेवला आणि वर चढले. मालनबाईंची किंकाळी सुनेत्राने आतून ऐकली.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डोकं वाचलं, ते कुंडी मध्ये आली म्हणून.

मेंदूतल्या तारांना धक्का लागला असेल म्हणून त्याच दिवशी डॉ. तांबोळींकडे नेलं. त्यांनी तपासणीची चकती आप्पांच्या खांद्याखाली धरली आणि यंत्राचा आकडा थेट यंत्राकडून वाचला. मग पुन्हा वाचला. मग सुनेत्राकडचा टॅब मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

टॅबवर दोन पूर्णांक चार होतं. यंत्रात चार पूर्णांक एक होतं.

"हे मी केलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "एवढा प्रवाह मी कुणालाच देत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या मसुराएवढ्या गाठीचा एक भाग हालचाली सांभाळतो. त्याला चिकटूनच दुसरा भाग असतो, तो भावना सांभाळतो. प्रवाह जास्त झाला की वीज पहिल्या भागातून दुसऱ्यात सांडते. माणूस उगाच आनंदी होतो, बडबड करतो, झोपत नाही, धोका कळेनासा होतो. मनातली जुनी अढी पातळ होते.

"म्हणजे ते माफ करणं…" चन्नवीरने विचारलं.

"वीज नसताना त्यांनी माफ केलं नसतं असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "केलं असतं असंही म्हणू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की आकडा खाली आणावाच लागेल. एकदम नाही, पाच दिवसांत. नाहीतर फिट येईल, नाहीतर ते पुन्हा कुठेतरी चढतील."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा व्हिडिओ कॉल आला. ओजस नावाचा तिशीतला मुलगा होता, डोळे तारवटलेले. त्याने आधी माफी मागितली. त्याच्या बोलण्यावरून कळलं की अशी माफी तो आठवडाभर घरोघर मागत होता.

"सोपं करून सांगतो," तो म्हणाला. "'सोबती'चे दोन भाग आहेत. तुम्हाला पडद्यावर दिसतो तो एक. तो तुमच्या अधिकारात चालतो, तुम्हाला जेवढी परवानगी तेवढंच करतो. दुसरा पडद्यामागे चालतो. तो डॉक्टरांच्या अधिकारात असतो, कारण घरात कुणी जागं नसलं तरी डॉक्टरांचा हुकूम यंत्राला पोचायला हवा. आता हा मागचा भाग म्हणजे साहेबांचा शिपाई समजा. शिक्का त्याच्याकडे असतो. बाहेरच्या ट्रेमध्ये जो कागद असेल तो उचलायचा, शिक्का मारायचा, पुढे पाठवायचा. आमची चूक अशी झाली, की तो ट्रे आम्ही व्हरांड्यात ठेवला. टॅब उघडता येणाऱ्या कुणालाही त्यात आपला कागद सरकवता येत होता."

"कुणालाही म्हणजे, फक्त बघायची परवानगी आहे त्यालासुद्धा?" चन्नवीरने विचारलं.

"हो."

"बाहेरून? इंटरनेटवरून?"

ओजस घुटमळला. "नाही, सर. ही चूक बाहेरच्या माणसाच्या कामाची नाही. आधी आत असावं लागतं. टॅब हातात हवा, थोडीशी का होईना, परवानगी हवी. घरातलंच कुणीतरी, एवढंच मी सांगू शकतो."

खोलीत सुनेत्रा, चन्नवीर आणि मालनबाई होत्या. तिघांपैकी कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

"नोंदी असतील ना," सुनेत्रा म्हणाली. "कोणत्या नावाने टॅब उघडला, किती वाजता."

"मॅडम, शिक्का हातात आला की नोंदवहीही हातात येते. खोटा आकडा पडद्यावर दाखवता येतो, नोंद पुसता येते, दुसऱ्याच्या नावावर घालता येते. आम्ही तुमच्या टॅबची पूर्ण नक्कल काढून तपासली. काही नाही. खांद्याखालचं यंत्र फक्त दिवसाची एकूण वीज मोजतं, बॅटरीसाठी. त्यावरून कळतं ते इतकंच, की वाढ वीस दिवसांपूर्वी झाली. आणि कसं करायचं याचा चार मिनिटांचा व्हिडिओ महिनाभर फिरतोय. त्याला कंप्युटर यावा लागत नाही. दुरुस्ती तयार आहे, पण वैद्यकीय यंत्र म्हणून मंजुरी लागते. तुमच्या भागात ती गुरुवारी चार वाजता आपोआप बसेल. तोवर टॅब चालू ठेवावाच लागेल, डॉक्टर रोज आकडा उतरवताहेत म्हणून."

पोलिसांकडेही जाऊन झालं. सायबर शाखेच्या बाईंनी तिघांचे जबाब घेतले आणि मऊ आवाजात सांगितलं, "घरातली गोष्ट आहे. पुरावा नाही. तुम्हीच आपसात बोला."

आपसात काय बोलणार? वीस दिवसांपूर्वी, म्हणजे चन्नवीर आल्यापासूनचा चौथा दिवस. त्या दिवशी तिघंही घरात होती आणि टॅब आप्पांच्या उशाशी. सुनेत्रा तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडून बघायची. चन्नवीर दुपारभर बाहेरच्या खोलीत एकटा होता. मालनबाईंनी सकाळी बटण दाबलं, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ टॅब हातात होता का? की आत्ता आठवतं आहे म्हणून तसं वाटतं आहे?

मालनबाई तिसऱ्या दिवशी कामावर आल्या त्याच मुळी पिशवी भरायला. त्यांचे कपडे, आप्पांनी दिलेला चष्मा.

"मी तुम्हाला काही बोलले का, मालनबाई?"

"बोलला न्हाईसा, ताई. पण काल मी टॅब उचलला, तवा तुमी बगितलासा." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "आट वर्सं झाली. आप्पाचं हागणंमुतणं काडलं, तवा कुणी माज्या हाताकडं बगितलं न्हवतं. ते बटान दाबायचं तेवडं मला म्हाईत. पण हे मी कसं दाकवून देऊ तुमास्नी?"

सुनेत्राने त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण थांबल्याही नाहीत.

तिचा खरा संशय मालनबाईंवर नव्हताच. त्या संध्याकाळी चन्नवीर ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होता. सुनेत्रा पाटावर बसली आणि जे दोन दिवस गिळत होती ते बोलून गेली.

"चन्नू, तू केलंस का?"

त्याचे हात पिठात थांबले.

"तुला हवं होतं म्हणून विचारते. रागावणार नाही. उलट मला समजेल."

"अक्का, मी नाही केलं."

"नऊ वर्षं तू—"

"नऊ वर्षं माफीची वाट बघितली, म्हणून मी बापाच्या डोक्यात वीज सोडीन?" तो वळला. कोपरापर्यंत पीठ होतं. "आणि तुझं काय? तुला नको होतं? रोज फोनवर रडायचीस, तुमचं दोघांचं जुळू दे म्हणून. टॅब तुझ्याच हातात जास्त असतो."

"मी पलंगावरून उठू शकत नव्हते!"

"टॅबला उठावं लागत नाही."

 तिने केलं नव्हतं. हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण ते दाखवायला तिच्याकडे काय होतं? मालनबाईंकडे होतं तेवढंच.

चन्नवीर खाली बसला. "सगळ्यात वाईट काय आहे सांगू? उद्या कुणी कबूल झालं ना, की मी केलं, तर मला बरं वाटेल. शिव्या द्यायला माणूस तरी मिळेल. आता मी तुझ्याकडे बघतो तर वाटतं, हिने केलं असेल. आरशात बघतो तर वाटतं, मी खरंच नाही ना केलं?"

तो दुसऱ्या दिवशी निघाला. आकडा तोवर तीनच्या खाली आला होता. आप्पांच्या चेहऱ्यावरची कातडी पुन्हा ताठ झाली होती. चन्नवीर पायाशी वाकला. प्लास्टरमधला हात मांडीवर होता, दुसरा हात पलंगाच्या कठड्यावर. तो हात उचलला गेला नाही. आप्पा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिले. चन्नवीर वाकलेलाच थोडा वेळ थांबला, मग सरळ होऊन बॅग उचलून गेला.

सुनेत्रा डॉ. तांबोळींना एकटी जाऊन भेटली.

"थोडा वर ठेवता येणार नाही का? तीन, सव्वातीन?"

"त्यासाठी मला त्यांचा आजार हे कारण हवं. मुलाशी गोड बोलावं म्हणून मी प्रवाह वाढवू शकत नाही, सुनेत्राताई. आणि वाढवला, तर उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, आमचे वडील फार हट्टी आहेत, थोडे खाली करा."

"पण खरे आप्पा कुठले, डॉक्टर? दोन पूर्णांक चारवरचे, की चार पूर्णांक एकवरचे?"

डॉक्टर म्हणाल्या, "तारा बसवायच्या आधी ते आमटी सांडून ताटावरून उठायचे. तेव्हा तुम्ही हा प्रश्न विचारला नव्हता."

गुरुवारी दुपारी घरात दोघंच होती. आप्पांचा आकडा दोन पूर्णांक चारवर येऊन ठेपला होता. नवी बाई सोमवारपासून येणार होती. सुनेत्रा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली, टॅब मांडीवर घेतला आणि स्वतःच्या फोनवर तो चार मिनिटांचा व्हिडिओ लावला. आपल्या घरात काय झालं ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मनात होतं. असं तिने स्वतःला सांगितलं.

माणूस दिसत नव्हता, फक्त बोट दिसत होतं. हे उघडा, हे इथून उचला, इकडे ठेवा. तिने उघडलं, उचललं, ठेवलं. सात पायऱ्या होत्या आणि सहा कधी झाल्या ते तिला कळलंही नाही. तिच्या शाळेतल्या सातवीच्या मुलींना जमलं असतं. मालनबाईंना जमलं असतं. 

"वर न्यायचं बघतेस?" आप्पांनी विचारलं.

ते जागे आहेत हे तिला माहीत नव्हतं. पडद्यावर चौकट आली होती. तिच्यात आकडा लिहायचा आणि एक बटण दाबायचं, एवढंच उरलं होतं.

"आप्पा, तुम्ही नाही ना केलं? टॅब तर तुमच्याच उशाशी होता."

"मी?" त्यांनी विचार केला. खरोखरच विचार केला. "मला तरी आठवत नाही."

"आणि बाकीचं आठवतं? चन्नूचं?"

"सगळं आठवतं." आप्पांचा आवाज सपाट होता. "डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झालेत म्हणालो. छातीत मोकळं वाटलं, तेही आठवतं. पण कसं वाटलं ते विचारशील, तर सांगता येत नाही. परवा हात उचलायला गेलो, तर तो जिना दिसला दवाखान्याचा. मी चढतोय, आणि वर तो उभा आहे."  मग म्हणाले, "कर."

"काय?"

"वर ने. मला तिथं बरं होतं."

सुनेत्राने त्यांच्याकडे बघितलं. मग प्लास्टरकडे बघितलं. अंगणातलं ते स्टूल तिला दिसलं, फुटलेली कुंडी दिसली. पुढच्या वेळी मनगटावर भागणार नव्हतं.

"आप्पा, तुम्ही पुन्हा पडाल."

"पडेन."

"फिट येईल म्हणाल्यात डॉक्टर."

"येऊ दे. त्याला बोलावून घे. आला की वर ने, गेला की खाली घे."

तिने चौकटीत तीन लिहिलं. पुढे टिंब दिलं. बोट तिथेच राहिलं. बापाने मागितलं आहे, मग अडचण काय? पण मागणारा बाप दोन पूर्णांक चारवरचा, आणि सुख भोगणार तो दुसराच. आणि चन्नू आला, त्याने विचारलं, आप्पा एवढे मोकळे कसे ग, तर काय सांगायचं? तुला कुणी अधिकार दिला, असं त्याने विचारलं तर? तिने टिंब खोडलं. पुन्हा दिलं. आप्पा तिच्या बोटाकडे बघत होते.

टॅबचा पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरं चक्र फिरायला लागलं. चार वाजले होते.

तिने काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं की नाही, हे तिला पुढेही कधी कळलं नाही. पडदा पुन्हा उजळला तेव्हा सहा पायऱ्यांतली एकही जागेवर नव्हती. दोन पूर्णांक चार, सर्व ठीक.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"बंद झालं, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. अर्ध्या तासाने, चहा झाल्यावर, ते म्हणाले, "फोन लाव त्याला."

सुनेत्राने फोन लावून आवाज मोठा केला आणि त्यांच्या उशीवर ठेवला.

"चन्नवीर."

"आप्पा?" पलीकडून यंत्रांचा खडखडाट येत होता. तो कारखान्याच्या बाहेर आला असावा, कारण खडखडाट हळूहळू कमी झाला. "आप्पा, बोला."

"मी तुला माफ केलं म्हणालो होतो."

"हो."

"आत्ता तसं वाटत नाही."

 सुनेत्राने फोन उचलायला हात पुढे केला, तो आप्पांनी मानेने थांबवला.

"माहीत आहे मला," चन्नवीर म्हणाला. "निघताना बघितलं मी."

"पण दिवाळीचा शब्द दिलाय. बायकोमुलीला घेऊन ये."

"आप्पा, तुमच्या मनात नसेल, तर नको. खरंच नको."

"मनात नाही," आप्पा म्हणाले. "पण ये."

चन्नवीर दिवाळीला आला. चार दिवस राहिला. आप्पा रोज त्याच्याशी बोलले. पाणी तापलंय का, कोइमतूरला पाऊस किती झाला, मुलीची परीक्षा कधी. नवीन विद्यार्थ्याशी बोलावं तसं नीट, तोलून. प्रत्येक वाक्याआधी ते थोडा श्वास घ्यायचे. पाडव्याला त्यांनी स्वतः त्याच्या पानात पुरणपोळी वाढली. मनगट अजून वाकडं होतं, पोळी घसरत घसरत पानात पडली. चन्नवीरला गोड चालत नव्हतं. त्याने ती सगळी खाल्ली.

कुणी केलं, हा विषय कुणीच काढला नाही. सुनेत्रा एकदा मालनबाईंच्या घरी फराळ घेऊन गेली होती. त्यांनी डबा ठेवून घेतला, धुऊन परत दिला, आत या म्हणाल्या नाहीत.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. चन्नवीरची बायको आणि मुलगी बसल्या होत्या. आप्पा काठी टेकत फाटकापर्यंत आले. चन्नवीर वाकला. आप्पांचा डावा हात काठीवरून निघाला, हवेत थोडा थांबला आणि त्याच्या डोक्यावर टेकला. लगेच निघालाही.

"पोचलास की कळव," ते म्हणाले.

चन्नवीरने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो काय शोधतो आहे ते सुनेत्राला कळत होतं, कारण तीही तेच शोधत होती. आप्पांचा चेहरा होता तसाच होता, आजाराने ताठ झालेला, काहीही न सांगणारा.

"कळवतो," चन्नवीर म्हणाला आणि रिक्षात बसला.